अमेरिकेतली मोठी धान्यशेती आणि ब्रिटनमधली शेती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या अफाट शेतांचे व्हिडिओ पाहणारे शेतकरी, कृषी पदवीनंतर परदेशी जाणारे विद्यार्थी आणि इंग्लंड-अमेरिकेत राहणारे मराठी वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सोपे प्रश्न आधी आहेत, अपवादाचे आणि गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेतलं सरासरी शेत केवढं आणि ब्रिटनमधलं केवढं?

२०२२ च्या कृषी गणनेनुसार अमेरिकेत सुमारे १९ लाख शेतं आहेत आणि सरासरी आकार ४६३ एकर आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांच्या आसपास शेतं असून सरासरी साधारण ८० हेक्टर, म्हणजे २०० एकर भरते. नुसत्या या दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. अमेरिकेत वर्षाला १,००० डॉलरचा शेतमाल विकणारी किंवा विकू शकणारी जागाही ‘शेत’ म्हणून मोजली जाते, त्यामुळे घरामागे काही घोडे पाळणारेही त्यात येतात. दुसऱ्या टोकाला २,००० एकरांवरची शेतं संख्येने ४ टक्क्यांच्या आसपास आहेत, पण निम्म्याहून जास्त शेतजमीन त्यांच्याकडे आहे. त्यात पश्चिमेकडची गुरांची कुरणंही धरलेली आहेत. ब्रिटनच्या सरासरीत वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधली मेंढ्यांची, गाईगुरांची गवताळ शेतं येतात. धान्यशेती मुख्यतः पूर्वेला आहे : नॉरफोक, सफोक, केंब्रिजशायर, लिंकनशायर, यॉर्कशायरचा पूर्व भाग. म्हणून तुलना करायची तर आयोवाच्या मका-सोयाबीन शेताची लिंकनशायरच्या गव्हाच्या शेताशी करा.

२. बुशेल, एकर, हेक्टर, टन, क्विंटल यांचा मेळ कसा घालायचा?

अमेरिकेत बुशेल हे माप आकारमानाचं असलं तरी व्यवहार वजनावर होतो. गहू आणि सोयाबीनचा बुशेल ६० पौंड म्हणजे २७.२ किलो, मक्याचा ५६ पौंड म्हणजे २५.४ किलो. एकरी बुशेलवरून एकरी क्विंटल काढायला गहू-सोयाबीनसाठी ०.२७२ ने आणि मक्यासाठी ०.२५४ ने गुणा. ब्रिटनचे आकडे हेक्टरी टनांत असतात, त्यांना ४.०५ ने गुणलं की एकरी क्विंटल मिळतात.

उदाहरणार्थ, आयोवातला १८० बुशेल मका म्हणजे एकरी जवळपास ४६ क्विंटल, अमेरिकेतला ५० बुशेल गहू म्हणजे एकरी साडेतेरा क्विंटल आणि ब्रिटनचा हेक्टरी ८ टन गहू म्हणजे एकरी ३२ क्विंटलांच्या वर.

दाण्यातला ओलावाही तपासा. अमेरिकेत मक्याचं उत्पादन सहसा १५.५ टक्के ओलाव्यावर सांगतात, ब्रिटनमध्ये गव्हाचं १४.५ टक्क्यांवर. शेतातून आलेल्या ओल्या मालाचं वजन आणि वाळवलेल्याचं वजन यांत बराच फरक पडतो (हिशोब प्रश्न १२ मध्ये).

३. यंत्रसामग्रीत अमेरिका इतकी पुढे, मग गव्हाचं एकरी उत्पादन ब्रिटनमध्ये दुपटीहून जास्त कसं?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. उत्तराचा मोठा भाग हवामानात आहे.

कॅन्ससमध्ये हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि जूनमध्ये काढतात. मेच्या मध्याला फुलोरा येतो आणि त्यानंतर पारा भराभर चढतो. ३५ अंशांच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात दाणे भरायला जेमतेम चार आठवडे मिळतात. पश्चिम कॅन्ससमध्ये वर्षाचा पाऊस ४५० ते ५०० मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा.

पूर्व इंग्लंडमध्ये पाऊस फार जास्त नाही, ६०० मिलिमीटरच्या आसपासच आहे. पण तो बाराही महिने थोडाथोडा पडतो, आणि थंड हवेमुळे बाष्पीभवन कमी असल्याने जमिनीत टिकतो. जून-जुलैमध्ये कमाल तापमान बहुतेक दिवस २० ते २३ अंश असतं आणि दिवस साडेसोळा तासांचा. त्यामुळे पानं हिरवी राहतात आणि दाणे भरण्याचा काळ सहा-सात आठवड्यांपर्यंत लांबतो. सप्टेंबरअखेर पेरलेला गहू ऑगस्टमध्ये निघतो, म्हणजे पीक दहा-अकरा महिने रानात उभं असतं. आपल्याकडचा गहू साधारण चार महिन्यांत निघतो, हे लक्षात घेतलं की फरक किती मोठा आहे ते कळतं.

याचा अर्थ ब्रिटनचं हवामान दरवर्षी साथ देतं असा नाही. तिथली सरासरी २०१५ साली हेक्टरी ९ टन होती. २०१९ च्या शरदात सतत पाऊस लागला, रानाला वाफसाच येईना, अनेकांची पेरणी हुकली आणि २०२० साली सरासरी ७ टनांवर आली. कॅन्ससला दुष्काळ मारतो, ब्रिटनला बहुतेक वेळा चिखल.

४. मग अमेरिकी शेतकरी खत-फवारण्या वाढवून ब्रिटनइतका गहू का घेत नाही?

पाणी नसेल तर वाढवलेलं नत्र वाया जातं, किंबहुना नुकसान करतं. पश्चिम कॅन्ससमध्ये गव्हाला जास्त नत्र दिलं की शरदात आणि वसंतात फुटवे भरमसाट येतात, जमिनीतली ओल मेपर्यंत संपते आणि दाणे बारीक राहतात. म्हणून तिथला शेतकरी एकरी खर्च कमी ठेवतो, क्षेत्र मोठं करतो आणि प्रति बुशेल खर्चावर नजर ठेवतो. कोरड्या पट्ट्यात एक पीक घेऊन पुढचा हंगाम रान पडीक ठेवण्याची पद्धतही आहे. त्या काळात तण मारून ओल साठवायची आणि मग गहू पेरायचा.

ब्रिटनमध्ये जमीन कमी आणि महाग आहे. पाणी असल्यामुळे वाढीव खर्चाचा परतावा दाण्यांत मिळतो, म्हणून तिथे प्रत्येक हेक्टर पिळून घेतला जातो. दोघंही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात. अमेरिकेत दुर्मीळ आहे ते पाणी आणि माणूस, ब्रिटनमध्ये जमीन. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच फरक आहे.

५. अमेरिकेतली शेतं विमानातून चौकोनी दिसतात आणि ब्रिटनमधली वेडीवाकडी. असं का?

१७८५ च्या जमीन अध्यादेशाने पश्चिमेकडची जमीन वस्ती होण्याआधीच मोजून आखली गेली. सहा मैल बाय सहा मैलांचा तुकडा, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. त्याचा चतकोर १६० एकरांचा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना तोच चतकोर दिला. रस्तेही मैला-मैलावर सरळ गेले. १६० एकरांचं एकच शेत असेल तर १८ मीटर रुंदीचं यंत्र अर्धा मैल सरळ चालतं आणि वळण्यात वेळ जात नाही.

ब्रिटनमध्ये शेतांच्या कडा शतकानुशतकं ओढे, चढउतार, गावांच्या हद्दी आणि नंतरच्या बंदिस्तीकरणाप्रमाणे (सामाईक रानं कुंपण घालून खाजगी करणं) ठरत गेल्या. कडेला झुडपांची जिवंत कुंपणं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व इंग्लंडमध्ये बरीच काढली गेली. आता मात्र १९९७ च्या नियमांनुसार इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक ग्रामीण कुंपणं काढण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं आणि महत्त्वाचं कुंपण असेल तर परवानगी नाकारली जाते. इंग्लंडमध्ये २०२४ पासून १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायलाही मनाई आहे, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी असतात. २ हेक्टरांहून मोठ्या शेतात कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटर पट्टी न नांगरता आणि न फवारता सोडायची.

६. ब्रिटनमध्ये मका आणि सोयाबीन का दिसत नाही?

उष्णता पुरत नाही. जनावरांच्या मुरघासासाठी आणि बायोगॅससाठी मका भरपूर लावतात, कारण त्यात दाणा पूर्ण पिकण्याची गरज नसते. दाण्याचा मका दक्षिणेत थोड्या क्षेत्रावर होतो, पण काढणीच्या वेळी दाणा बराच ओला असतो आणि वाळवण्याचा खर्च नफा खातो. सोयाबीन अगदी नगण्य. म्हणून आयोवातली मका-सोयाबीन ही दोन पिकांची फेरपालट तिथे बसत नाही. तिथे गहू, जव, ऑइलसीड रेप म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबी पीक, घेवडावर्गीय कडधान्यं आणि साखर कारखान्याजवळ शुगरबीट अशी चार-पाच पिकं फिरवतात.

ऑइलसीड रेपचं क्षेत्र २०१२ च्या मानाने निम्म्याहून खाली आलं आहे. मुख्य कारण पिसू भुंगेरा. बियाण्याला लावायची निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं बंद झाल्यावर हा भुंगेरा उगवतं पीकच खातो आणि अळ्या खोडात शिरतात.

७. हजारो एकर मका वेळेत कसा पेरतात? यंत्र नेमकं काय करतं आणि कुठे चुकतं?

आयोवा-इलिनॉयमध्ये एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत पेरणीचा चांगला काळ. पेरणीच्या खोलीवर जमिनीचं तापमान १० अंश सेल्सिअसला टेकलं आणि पुढचे दिवस थंड पावसाचे नसले की सुरुवात होते. मेच्या मध्यानंतर प्रत्येक दिवसाच्या उशिरागणिक उत्पादन घसरत जातं. मधले पावसाचे दिवस वजा केले की खरे कामाचे दिवस थोडे उरतात, आणि मोठ्या यंत्राचं खरं समर्थन तेच आहे.

ओळींत ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर अंतर. २४ ओळींचं पेरणी यंत्र ६० फूट रुंद असतं. ताशी ५ मैल वेगाने, भरणं आणि वळणं धरून, तासाला पंचवीसेक एकर होतात. दाणा पट्ट्याने जमिनीपर्यंत नेणारी नवी यंत्रं ताशी १० मैलांवरही अंतर बिघडू देत नाहीत. एकरी ३२ ते ३४ हजार बिया, खोली ५ सेंटिमीटर, दोन बियांत साधारण १६ सेंटिमीटर. बियाणाच्या पिशवीत ८०,००० बिया असतात, म्हणजे पिशवीत सव्वादोन ते अडीच एकर.

उगवण मोजायची सोपी पद्धत : ३० इंची ओळीत १७ फूट ५ इंच लांबी मोजा, त्यातली रोपं मोजा, हजाराने गुणा. ती एकरी रोपसंख्या.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे वाफसा येण्याआधी यंत्र रानात घालणं. तबकड्या ओल्या चिकण मातीत चर पाडतात तेव्हा चराच्या भिंती गुळगुळीत आणि घट्ट होतात. मुळं आडवी न पसरता चरातूनच लांब जातात. पुढे माती सुकली की चर उघडतो आणि बी उघडं पडतं. म्हणून पेरणी सुरू असताना यंत्रामागे उतरून चर उकरून बघतात : बी खोलीवर आहे का, मातीने धरलं आहे का, मागच्या चाकांनी चर मिटला आहे का. दुसरी चूक खोलीतला फरक. काही रोपं दोन-तीन पानांनी मागे पडली की ती शेजारच्यांच्या सावलीत राहतात, अन्न-पाणी घेतात आणि कणीस नावापुरतं देतात.

८. ब्रिटनमध्ये गव्हाचं बियाणं किती टाकतात? हेक्टरी किलो असा एकच आकडा का सांगत नाहीत?

कारण तिथे बियाणं किलोत न मोजता बियांच्या संख्येत ठरवतात. सूत्र असं : प्रति चौरस मीटर हवी असलेली रोपं गुणिले हजार दाण्यांचं ग्रॅममधलं वजन, भागिले उगवणीची अपेक्षित टक्केवारी. २५० रोपं, ५० ग्रॅम वजन आणि ८० टक्के उगवण धरली तर हेक्टरी १५६ किलो येतात. तोच वाण पण दाणा ४२ ग्रॅमचा असेल तर १३१ किलो पुरतात. सप्टेंबरमध्ये बियाणं कमी लागतं, कारण फुटवे फुटायला वेळ असतो. ऑक्टोबरअखेर, जड आणि ओल्या जमिनीत दर वाढवावा लागतो.

पेरतानाच ठरावीक अंतरावर, बहुतेक २४ किंवा ३६ मीटरवर, दोन चाकांपुरत्या ओळी न पेरता सोडतात. पुढचे दहा महिने खत आणि फवारणीचा ट्रॅक्टर त्याच वाटांनी जातो. पेरणी यंत्राच्या रुंदीने या अंतराला पूर्ण भाग गेला पाहिजे (६ किंवा ८ मीटर २४ ला, १२ मीटर ३६ ला), नाहीतर फवारणीत पट्टे सुटतात किंवा दुप्पट होतात.

लवकर पेरणीचा मोह ब्लॅकग्रास या तणामुळे महागात जातो. त्याच्या बहुतेक बिया सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उगवतात, आणि अनेक तणनाशकांना त्याने दाद देणं थांबवलं आहे. म्हणून वरवरची मशागत करून तण उगवू द्यायचं, ग्लायफोसेटने मारायचं आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर माती कमीत कमी हलवत पेरायचं. फारच माजलं असेल तर त्या रानात वसंतात जव.

९. ब्रिटनमध्ये गव्हावर बुरशीनाशकाच्या तीन-चार फवारण्या खरंच लागतात का?

ओल्या आणि थंड हवेत सेप्टोरिया करपा खालच्या पानांवरून पावसाच्या शिंतोड्यांनी वर चढतो. लागण आणि डाग दिसणं यांत दोन-तीन आठवडे किंवा जास्त जातात. म्हणजे डाग दिसल्यावर फवारलं तर उशीर झालेला असतो. म्हणून फवारणी पानाच्या वयावर बांधलेली आहे. एप्रिलअखेर वरून तिसरं पान पूर्ण उघडतं तेव्हा पहिली मोठी फवारणी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेंड्याचं पान पूर्ण उघडल्यावर दुसरी, आणि जूनमध्ये फुलोऱ्याला ओंबीवर तिसरी. तांबेरा येणाऱ्या वाणांवर मार्च-एप्रिलमध्ये एक आधीची असते. दाण्यातला फार मोठा वाटा वरच्या दोन-तीन पानांतून येतो, त्यामुळे शेंड्याच्या पानाची फवारणी चुकवू नये. पहिल्या आणि दुसऱ्या मोठ्या फवारणीत चार आठवड्यांहून जास्त अंतर पडलं तर मधली पानं उघडी राहतात.

क्लोरोथॅलोनिल हे स्वस्त आणि रोगाला प्रतिकार निर्माण न होऊ देणारं औषध २०२० मध्ये बंद झालं. तेव्हापासून प्रतिकारक्षम वाण निवडण्याला महत्त्व आलं आहे. कोरड्या कॅन्ससमध्ये शेंड्याच्या पानावर एक फवारणी होते किंवा तीही होत नाही.

१०. नत्र देण्यात काय फरक आहे?

मक्याच्या पट्ट्यात निर्जल अमोनिया वापरतात. त्यात ८२ टक्के नत्र असतं आणि नत्राच्या हिशोबात तो बहुधा स्वस्त पडतो. तो दाबाखाली द्रवरूप असतो आणि उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणून पातीमागच्या नळीतून जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर खोल सोडतात. चर मिटला नाही तर पांढरी वाफ उठताना दिसते, तेव्हा थांबायचंच. शरदात द्यायचा असेल तर जमीन १० अंशांच्या खाली जाऊन तशीच राहायला हवी, नाहीतर नत्राचं नायट्रेट होऊन वसंताच्या पावसात निचऱ्याच्या नळ्यांतून वाहून जातं. हा वायू डोळे आणि फुप्फुसं जाळतो. घट्ट बसणारा चष्मा, हातमोजे आणि टाकीवर स्वच्छ पाणी यांशिवाय नळी जोडायची नाही.

ब्रिटनमध्ये हे तंत्र प्रचलित नाही. तिथे ३४.५ टक्क्यांचं अमोनियम नायट्रेट, युरिया किंवा द्रवखत तीन हप्त्यांत देतात : फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये थोडं, एप्रिलमध्ये कांडी धरताना सर्वात मोठा हप्ता, मेमध्ये उरलेलं. नायट्रेट-संवेदनशील म्हणून जाहीर झालेल्या भागात (इंग्लंडची निम्म्याहून जास्त जमीन) हिवाळी गव्हाला सरासरी हेक्टरी २२० किलोंची मर्यादा आहे. ८ टनांवर प्रत्येक अपेक्षित टनाला २० किलो आणि ब्रेडच्या गव्हाला ४० किलो जादा मिळतात. १ सप्टेंबर ते १५ जानेवारी मशागतीच्या रानात रासायनिक नत्र टाकायला साधारणपणे बंदी असते.

११. तेच हार्वेस्टर दोन्हीकडे चालतात का?

मशीन बहुतेक त्याच कंपन्यांची. फरक तोंडाशी आणि चाकांशी असतो. अमेरिकेत गहू-सोयाबीनला ४० ते ४५ फुटी पट्ट्याचा हेडर (पीक कापून आत घेणारा पुढचा भाग), मक्याला ८, १२ किंवा १६ ओळींचा वेगळा हेडर. ब्रिटनमध्ये ३० ते ४० फूट. पण तिथे एकरी काड आणि दाणा जास्त, सकाळी दव, आणि काड ओलं. त्यामुळे यंत्राची ताकद रुंदीपेक्षा मळणी आणि कोंडा वेगळा करण्यात खर्च होते, वेग कमी ठेवावा लागतो.

खरी अडचण रस्त्याची. ब्रिटनमध्ये ३ मीटरपेक्षा रुंद यंत्र रस्त्यावर न्यायचं तर पोलिसांना आधी कळवावं लागतं आणि ३.५ मीटरच्या पुढे सोबतीला माणूस लागतो. हेडर काढून मागच्या गाड्यावर ठेवावा लागतो. म्हणून रुंद टायरऐवजी अरुंद रबरी पट्टे बसवलेले हार्वेस्टर तिथे लोकप्रिय आहेत. चार लहान शेतांना चार वेळा हेडर काढा-लावा करण्यात दिवसातले दोन तास सहज जातात.

अमेरिकेत भाड्याने काढणी करणारे ताफे मेमध्ये टेक्सास-ओक्लाहोमातून निघतात आणि पिकाबरोबर कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा असे उत्तरेला सरकत जातात. ब्रिटन इतकं लहान आहे की सगळीकडचा गहू जवळपास एकाच महिन्यात पिकतो, त्यामुळे असा प्रवास तिथे शक्य नाही.

१२. धान्य वाळवणं आणि साठवणं कसं होतं? ओल्या मालाचं वजन किती घटतं?

घट = (सुरुवातीचा ओलावा वजा शेवटचा) भागिले (१०० वजा शेवटचा). २० टक्क्यांवरून १५ वर आणलं तर ५ भागिले ८५, म्हणजे ५.९ टक्के. १०० टनांचे ९४ उरतात. इंधनाचा खर्च वेगळा.

अमेरिकेत मका २० ते २५ टक्के ओला काढून गॅसच्या गरम हवेने १५ टक्क्यांवर आणतात आणि गोल पोलादी कोठारांत भरतात. ब्रिटनमध्ये सपाट जमिनीच्या मोठ्या शेडमध्ये ढीग आणि खालून हवा, ही रचना जास्त आढळते. तिथे व्यापाऱ्याची मर्यादा बहुधा १५ टक्के. १८ टक्क्यांवरचा ढीग तसाच ठेवला तर बुरशीचं विष तयार होण्याचा धोका असतो. वाळवल्यावर थंड करणंही तितकंच गरजेचं : दोन आठवड्यांत १५ अंशांखाली, मग १२ खाली, डिसेंबरअखेर ५ च्या जवळ. त्यामुळे भुंगे-सोंडे वाढत नाहीत.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे आणि जिवाशी खेळणारी आहे. खालून धान्य काढणारा स्क्रू चालू असताना कोठारात कधीही उतरू नका. काही सेकंदांत माणूस कमरेपर्यंत धान्यात जातो, आणि मग तिघांनी ओढूनही वर येत नाही.

१३. माल विकताना भाव कसा ठरतो?

अमेरिकेत गावचा धान्य-डेपो शिकागो वायद्याच्या भावात स्थानिक फरक जोडून किंवा वजा करून भाव देतो. मिसिसिपी नदीपासून लांब गेलात की वजावट वाढते. नदीतलं पाणी उतरलं की बजरे (सपाट मालवाहू नावा) अर्धे भरावे लागतात आणि आयोवातल्या शेतकऱ्याच्या खिशाला झळ बसते.

ब्रिटनमध्ये प्रतवारीला जास्त महत्त्व आहे. जनावरांच्या खाद्याच्या गव्हाला हेक्टोलिटरला ७२ किलो घनता चालते. ब्रेडच्या पहिल्या गटाला साधारण १३ टक्के प्रथिनं, २५० हॅगबर्ग आणि ७६ किलो घनता लागते. हॅगबर्ग म्हणजे दाण्यात कोंब फुटायला लागले आहेत की नाहीत ते सांगणारी चाचणी. ऑगस्टमध्ये पिकलेल्या ओंबीवर आठवडाभर पाऊस पडला की हा आकडा कोसळतो आणि ब्रेडचा गहू खाद्याच्या भावात जातो.

१४. जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांबाबत दोन्ही देश कुठे आहेत?

अमेरिकेत मका, सोयाबीन आणि कापूस यांचं ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र जीएम आहे, गहू मात्र नाही. ब्रिटनमध्ये व्यापारी जीएम पीक नाही. इंग्लंडसाठी २०२३ मध्ये कायदा झाला तो जनुक-संपादित वाणांसाठी, दुसऱ्या जातीचं जनुक घातलेल्यांसाठी नाही. जीएममुळे तणांचा प्रश्न कायमचा सुटला हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत उंच माठाच्या कुळातली तणं ग्लायफोसेटला जुमानत नाहीत, आणि जीएमशिवाय ब्रिटनमध्ये ब्लॅकग्रासने इतर तणनाशकांबाबत तेच केलं (प्रश्न ८). एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की दोन्हीकडे हेच होतं.

१५. सरकार कोणाला जास्त मदत करतं?

मदतीची जातच वेगळी आहे. अमेरिकेत पाया पीक विमा. हप्त्याचा सरासरी साठ टक्क्यांच्या वरचा भाग सरकार भरतं. उत्पन्न-संरक्षण विम्यात मक्याचा आधारभाव फेब्रुवारीतल्या डिसेंबर-वायद्याच्या सरासरीवर ठरतो. समजा शेताचं सिद्ध उत्पादन १८० बुशेल, ८० टक्के संरक्षण, भाव ४.५० डॉलर : हमी एकरी ६४८ डॉलर. ऑक्टोबरचा भाव वाढला तर हमीही वाढते. मका-सोयाबीनचा विमा त्या पट्ट्यात १५ मार्चपर्यंत घ्यावा लागतो. आधीच्या चार ते दहा वर्षांच्या उत्पादनाच्या नोंदी नसतील तर हमी कमी बसते. म्हणून प्रत्येक गाडीची वजन-पावती जपून ठेवतात.

ब्रिटनमध्ये सरकारी पीक विमा नाही. युरोपीय संघात असताना क्षेत्रावर हेक्टरी पैसे मिळत. इंग्लंडमध्ये ते २०२१ पासून घटवत आणले, २०२४ पासून जमिनीपासून तोडले, आणि २०२७ नंतर संपतात. त्याऐवजी पर्यावरणाच्या कामांचे पैसे : कीटकनाशक न वापरणं, पक्ष्यांसाठी दाण्याची पिकं, फुलांच्या पट्ट्या. या योजनेचे अर्ज मार्च २०२५ मध्ये अचानक बंद झाले आणि अनेकांचं नियोजन कोलमडलं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

१६. इतकी जमीन शेतकऱ्याच्या मालकीची असते का?

बरीचशी नसते. अमेरिकेत सुमारे ४० टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते, मक्याच्या पट्ट्यात प्रमाण आणखी जास्त. रोख खंड किंवा बटाई. आयोवात सरासरी खंड एकरी अडीचशे-तीनशे डॉलर. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५ च्या कायद्यानुसारचे करार बहुतेक काही वर्षांचे असतात, जुने १९८६ च्या कायद्याखालचे पिढ्यांपर्यंत चालू शकतात. दोनच वर्षांचा करार असेल तर चुना टाकणं, निचऱ्याच्या नळ्या बसवणं यांत कोणी पैसे घालत नाही. जमिनीची तब्येत बिघडण्याचं हे मोठं कारण आहे.

१७. अमेरिकेत पेरलेलं क्षेत्र आणि काढलेलं क्षेत्र यांत एवढी तफावत का?

गव्हात ही तफावत मोठी असते आणि तुलनेत फसवते. ओक्लाहोमा-टेक्सासमध्ये गहू सप्टेंबरातच पेरून हिवाळाभर गुरं चारतात. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये खोडात पहिली पोकळी दिसली की गुरं काढायची. आठवडाभर उशीर केला तरी धान्य लक्षणीय घटतं. भाव किंवा पाऊस चांगला नसेल तर गुरं तशीच ठेवून धान्य सोडून देतात. दुष्काळात विम्याचा पंचनामा करून पीक मोडतात. सरकारी सरासरी काढलेल्या एकरांवर असते, म्हणून पेरलेल्या एकरावर मोजली तर ती आणखी खाली येते. ब्रिटनमध्ये पेरलेला गहू बहुतेक सगळाच काढला जातो.

१८. ‘अमेरिकेत कमी उत्पादन, ब्रिटनमध्ये लहान शेतं’ याला अपवाद आहेत का?

भरपूर. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला पालूस भागात उतारावरच्या, वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीत ८० ते १०० बुशेल गहू होतो. तिथे उतारावर स्वतःला सपाट ठेवणारे हार्वेस्टर लागतात. नेब्रास्कात मध्यबिंदूभोवती फिरणारं सिंचन १६० एकरांच्या चौकोनात १२५ ते १३० एकर भिजवतं आणि कोपरे कोरडे राहतात. पण खालचा ओगलाला भूजलसाठा दक्षिणेकडे, विशेषतः कॅन्सस-टेक्सासमध्ये, झपाट्याने खाली गेला आहे. व्हर्जिनियात २०२३ साली स्पर्धेतल्या प्लॉटवर एकरी ६२३ बुशेल मका नोंदवला गेला. इंग्लंडमध्ये २०२२ साली लिंकनशायरमध्ये हेक्टरी १७.९६ टन गव्हाचा विक्रम झाला. तिथेही कंत्राटाने अनेक मालकांची जमीन एकत्र कसणाऱ्या हजारो हेक्टरांच्या संस्था आहेत.

१९. मोठं यंत्र घेतलं की प्रति टन खर्च कमी होतोच का?

ठरावीक मर्यादेपर्यंत. यंत्राची किंमत जास्तीत जास्त एकरांवर पसरली तर खर्च उतरतो. पण २५ टन धान्याने भरलेली गाडी ओल्या रानात फिरली तर ४० सेंटिमीटरच्या खाली माती दाबली जाते, आणि ती खोली सहसा नांगरानेही सुटत नाही. दुसरी मर्यादा अंतराची : तुकडे दहा-पंधरा किलोमीटरवर विखुरलेले असतील तर इंधन आणि रस्त्यावरचा वेळ बचत खातात. ब्रिटनमध्ये ही मर्यादा लवकर येते (प्रश्न ११).

२०. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने यातलं काय लक्षात ठेवावं?

२०१५-१६ च्या गणनेत महाराष्ट्रातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती, त्यामुळे २४ ओळींच्या यंत्राचा इथे विचार करायचा नाही. संबंध आहे तो भावाचा. अमेरिका-ब्राझीलमध्ये सोयाबीन मुबलक आलं की जगभर पेंडीचा भाव पडतो आणि लातूर, अकोला, वाशीमच्या बाजारात तो दबाव जाणवतो. २०२१ मध्ये भारताने जीएम सोयापेंडीची १२ लाख टन आयात करू दिली होती. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. विक्रीचा दिवस ठरवताना तो आणि शिकागोचा वायदा दोन्ही पाहा. आपलं सोयाबीन जीएम नसल्यामुळे त्याच्या पेंडीला युरोपातल्या काही खरेदीदारांकडून वेगळा भाव मिळू शकतो, पण त्यासाठी शेतापासून गोदामापर्यंत माल वेगळा ठेवल्याची नोंद लागते. उत्पादक कंपन्यांनी ती पेरणीपासून ठेवायला सुरुवात करावी. हजार दाण्यांच्या वजनावरून बियाणं ठरवण्याचं सूत्र (प्रश्न ८) मात्र एका गुंठ्यातही जसंच्या तसं लागू होतं. सोयाबीनच्या दाण्याचा आकार वाणागणिक आणि वर्षागणिक इतका बदलतो की एकरी ३० किलो हा ठोकताळा कधी दाट पडतो, कधी विरळ. शंभर दाणे मोजून वजन करा, उगवण तपासा आणि मग किलो ठरवा.